पचमढीचं आमंत्रण

लग्नाच्या मांडवात खुर्चीवर बसलेले आमचे हे मी कधी पाहिले नाहीत. आमच्या स्वतःच्या लग्नात तेवढे बसले होते, तेही कामठीला माझ्या माहेरी, तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं म्हणून. तेव्हासुद्धा वाढणाऱ्यांकडे मान वळवून वळवून बघत होते, असं माझी बहीण सांगते. मी खाली मान घालून बसले होते, त्यामुळे खरंखोटं ती जाणे.

आमचे हे म्हणजे दयाराम मेश्राम, जबलपूरच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. शहरातल्याच गढा भागात आमचं घर, घरापासून हाकेच्या अंतरावर विहार, आणि विहाराच्या मागे टिनाच्या शेडमध्ये समाजाची मोठी भांडी. वस्तीत लग्न असो, नामकरण असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, त्या शेडची चावी ह्यांच्या खिशात असते. आलू-वांग्याची रस्साभाजी ह्यांच्या हातची, आणि पंगत बसली की वरणाची बादली घेऊन फिरणारेही हेच. सगळ्या पंगतीला दोन-दोनदा विचारतील, अजून घ्या न, थोडंसं घ्या न. तोच माणूस घरी आला की मुका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ह्यांच्या तोंडून चार शब्द निघाले तर मी तो दिवस बोलका समजते.

आम्हाला एकच मुलगी. शाळेच्या दाखल्यावर लतिका, घरात आणि गल्लीत बेबी. पुण्याला कंपनीत नोकरी करते. तिथेच तिने नागसेनला पसंत केलं आणि आम्ही दोघांनी मान डोलावली, कारण नाव ठेवायला जागाच नव्हती. मूळचा अकोल्याचा, आपल्याच समाजातला, वडील नाहीत, आई इंदूताई शाळेत मास्तरीण. पोरगा इतका नम्र, की पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी त्याला तीनदा बस म्हटलं तेव्हा कुठे बसला. पोरीने नेमका बापासारखाच शोधून काढला, असं मी मनात म्हटलं.

मग एका संध्याकाळी बेबीचा व्हिडिओ कॉल आला, आणि तिने सांगितलं की लग्न जबलपूरला नको, पुण्यालाही नको, पचमढीला करायचं. डेस्टिनेशन वेडिंग. डोंगरात एक रिसॉर्ट आहे, दोन दिवस सगळे तिथेच राहतील, जेवणखाण, सजावट सगळं तेच बघतात, आपण नुसतं जाऊन बसायचं. दोन्हीकडची मिळून शंभर माणसं, त्याहून जास्त ते घेत नाहीत. इंदूताईंची हरकत नव्हती.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं नेपियर टाउनच्या पोस्टात काढली, पचमढीला जाणारी कितीतरी पाकिटं ह्या हातांनी वेगळी काढली, पण पचमढी काही बघितली नाही. शेजारच्या पोरांच्या शाळेच्या सहली जाऊन आल्या. आमची धाव नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत. दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून जांभळ्या रंगाची एक शाल आणली आणि कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवली. ठरण्याआधीच शाल आणली म्हणून कोणी हसायला नको.

हे मात्र आठवडाभर मूग गिळून बसले. हो नाही आणि नाहीही नाही. शेवटी एकदा ताटावरून उठता उठता म्हणाले, बेबीची खुशी ते आपली खुशी. मला वाटलं, झालं, सुटलं. पण आमच्या वाट्याची पन्नास माणसं कोणती, हे ठरवायला बसले तेव्हा कळलं की हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. माझ्या माहेरची आणि ह्यांच्या भावांची घरं धरली की पन्नास भरत आली. उरलेल्या चार-पाच जागांत अख्खी वस्ती कशी बसवायची? मी एकेक नाव घेत होते आणि हे खिडकीबाहेर बघत होते. मुरलीधरभाऊ तर येतीलच, असं मी म्हटलं. तीस वर्षं भट्टीजवळ ह्यांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, त्याला कसं सोडणार? पण मुरलीधरभाऊंना घेतलं तर त्यांच्या सख्ख्या भावाला कसं गाळायचं, आणि भावाला घेतलं तर समोरच्या कलावतीबाईला काय तोंड दाखवायचं? हे उठले आणि शेडमधल्या भांड्यांना कल्हई करायची आहे म्हणून निघून गेले. कल्हई मागच्याच महिन्यात झाली होती.

शेवटी मीच तोडगा काढला. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण घरोघरी जाऊन द्यायची रीत नाही. रविवारी वंदना झाली की ज्याच्या घरी कार्य असेल तो उभा राहतो, हात जोडतो आणि सांगतो, की माझ्या घरी मंगल परिणय ठरला आहे, सगळ्यांनी सहपरिवार यावं आणि कार्य आपलंच समजून पार पाडावं. सगळे मिळून साधु, साधु, साधु म्हणतात. झालं आमंत्रण. पत्रिका आली नाही म्हणून कोणी रुसत नाही, आणि एकदा साधु म्हटलं की कामंही आपोआप वाटली जातात. बायका कणकेचं बघतात, पोरं पाण्याचं, आणि भट्टी ह्यांची. तेव्हा मी म्हटलं, ह्या रविवारी तुम्हीच उभे राहा आणि स्वच्छ सांगून टाका. बेबीचं लग्न पचमढीला आहे, छोटंसं आहे, तिकडून आलो की सगळ्यांना जेवण देऊ. कोणाला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी एकदाच वाटेल.

घरी मी त्यांच्याकडून ते वाक्य घोकून घेतलं. शाळेतल्या पोराला कविता म्हणायला लावतात तसं. आंघोळीच्या आधी एकदा, नाश्त्यानंतर एकदा, आणि विहाराच्या पायऱ्या चढताना एकदा. तिन्ही वेळा बरोबर म्हटलं.

त्या रविवारी वंदना झाली. विहाराचे अध्यक्ष भाऊराव म्हणाले, कोणाला काही सूचना द्यायची आहे का. हे उभे राहिले. मी बायकांच्या रांगेत होते, तिथून मला त्यांची पाठ आणि जोडलेले हात दिसत होते. म्हणाले, आमच्या बेबीचा मंगल परिणय ठरला आहे. सगळ्यांच्या माना वळल्या, चेहरे फुलले. म्हणाले, लग्न पचमढीला आहे. पुढचं वाक्य यायला हवं होतं ते येईना. मी मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणत होते, छोटंसं आहे, छोटंसं आहे. आणि ह्यांच्या तोंडून निघालं, "सगळ्यांनी सहपरिवार यावं, अन् कार्य आपलंच समजून पार पाडावं."

साधु, साधु, साधु. इतक्या जोरात मी आजवर ऐकलं नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. शेजारच्या बाईला वाटलं, आनंदाने रडते आहे, तिने माझा हात धरला.

घरी आल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. हे पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "निघून गेलं तोंडातून. तिथं उभं राहून दुसरं काही मले कधी बोलताच नाही आलं."

तोंडातून निघालेलं परत घ्यायचं काम मग माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मनाचा हिय्या करून मी समोर कलावतीबाईकडे गेले. कलावतीबाई वस्तीत सगळ्यात फटकळ. तिला सांगितलं की गावभर आपोआप कळेल असा माझा हिशेब. तर ती दारातच बसली होती, मांडीवर लोकर घेऊन. नातीसाठी कानटोपी विणत होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली की सुमनबाई, चाळीस वर्षं ह्या गावात झाली, पचमढी म्हणतात ते कुठल्या दिशेला हेही मला माहीत नव्हतं. नवरा होता तेव्हा दर साल म्हणायचा, ह्या साली जाऊ. तुमच्या दयारामभाऊंनी मनावर घेतलं. एवढं बोलून ती डोळे पुसायला लागली. फटकळ बाई रडायला लागली की माणसाने काय करावं? मी तिला पाणी दिलं, आणि परत आले तेव्हा पचमढीला जाताना लिंबाच्या लोणच्याची बरणी तिने आणायची की मी, हे ठरवून आले होते.

तोवर मुरलीधरभाऊंनी बसवाल्याशी बोलूनही घेतलं होतं. ज्याची त्याची सीट ज्याने त्याने घ्यायची, दयारामवर भार नको, असं त्यांनी परस्परच ठरवलं. आता प्रश्न एवढाच होता, की शेडमधले भाजीचे मोठे गंज बसच्या टपावर चढवायचे कसे, आणि डोंगरात चांगली वांगी मिळतात का. मिळत नसतील तर इथूनच पोती भरून न्यावी लागतील. रिसॉर्टमध्ये जेवण असतं, असं मी हळूच म्हणून बघितलं. मुरलीधरभाऊ हसले. दयारामच्या पोरीच्या लग्नात बाहेरचा माणूस भाजी करेल, हे त्यांच्या कल्पनेच्याच पलीकडचं होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. सगळ्यांना घेऊन जावं तर रिसॉर्टवाला दारातूनच हाकलेल. नाही म्हणावं तर ह्यांनी उभ्या जन्मात विहारात एकदाच स्वतःच्या घरचं आमंत्रण दिलं, तेही परत घ्यायचं. हे दिवसेंदिवस वाळत चालले. रस्त्याने लोक हाका मारायचे, दयारामभाऊ, ठंड बहुत रहेगी क्या ऊपर? आणि हे नुसते हसायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत.

शेवटी मीच बेबीला फोन करून सगळं सांगितलं. शनिवारी ती आणि नागसेन दोघं आले. मदन महल स्टेशनवर उतरून ऑटोने थेट घरी. ऑटोतून उतरते तो कलावतीबाईने रस्त्यातच तिला गाठलं आणि स्वेटर अर्ध्या बाहीचं चालेल का, असं विचारलं. बेबी घरात आली तीच पाय आपटत.

"मम्मी, मी एकच चीज मागितली होती न," ती म्हणाली. "एकच. जिंदगीत पहिल्यांदा."

मीही चिडलेलीच होते. मी म्हटलं की हौस करायची तर इथे कर, भेडाघाटला जाऊन फोटो काढ, संगमरवराच्या डोंगरापेक्षा पचमढीचे डोंगर काय सोन्याचे आहेत? कपाटातल्या शालीची आठवण आली तेव्हा जरा आवाज खाली आला, पण बोलून तर बसले होते. हे अंगणात नळाखाली हातपाय धूत होते. खिडकी उघडी होती.

बेबी म्हणाली, "डोंगर नाही पाहिजे मले. बाबा पाहिजे."

मला कळलंच नाही. नागसेन कोपऱ्यात उभा होता, त्याला बहुतेक सगळं माहीत होतं. तो खाली बघत राहिला.

मग ती बोलायला लागली. तिचं मराठी अर्धं हिंदी, चिडली की पाऊण हिंदी, पण त्या दिवशी तिने सगळं मराठीत सांगितलं. दहावीत पहिली आली तेव्हा विहारात सत्कार होता, आईवडिलांसह मंचावर या, असं भाऊराव माइकवर म्हणाले. तिच्यासोबत मी एकटीच गेले. बाबा मागे पुऱ्या तळत होते. मामेबहिणीच्या लग्नात सगळ्या घराचा फोटो निघाला, त्यात बाबा नाहीत. काकाच्या लग्नाच्या अल्बममध्ये आहेत, पण पाठमोरे. जिथे जिथे आनंद होता तिथे तिथे तिचा बाप भट्टीजवळ होता किंवा कोणाच्या तरी ताटापुढे वाकलेला होता. आता स्वतःच्या लग्नात तिला बाप शेजारी खुर्चीवर हवा होता. नुसता बसलेला. म्हणून तिने जागा शोधल्या, आणि प्रत्येक ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारला.

"मी विचारायची, की तुमच्या किचनमध्ये पाहुण्यांना जाऊ देता काय," बेबी म्हणाली. "पचमढीवाला बोलला, नहीं मैडम, बिल्कुल नहीं, किसी हालत में नहीं. मी म्हटलं, बस, हेच पक्कं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. त्या मॅनेजरला बिचाऱ्याला वाटलं असेल, मॅडमला स्वच्छतेची फार काळजी.

अंगणातला नळ बंद झाला होता. हे दारात उभे होते, पायांवरून पाणी निथळत होतं, टॉवेल हातात तसाच. मी म्हटलं की आता तरी बोला काहीतरी. आणि हे बोलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

म्हणाले, "बेबी, मी इथं आलो तेव्हा अठरा-एकोणीसचा होतो. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून. फॅक्टरीत सगळे हिंदी बोलत, मले हिंदी येत नव्हतं, अन् मराठीत बोलावं असं कोणी ओळखीचं नव्हतं. विहारात येऊन मागं भिंतीले टेकून बसायचो. वंदना झाली की गुपचूप निघून जायचो. एक दिवस लग्न होतं. वाढणारा पोरगा कमी पडला, तं कोणीतरी माह्या हातात वरणाची बादली दिली. मी पंगतीत फिरलो. लोक म्हणे, घे रे इकडं, कोणाचा रे तू, नाव काय तुह्यं, कोणत्या गावचा. त्या दिवशी मले सगळे ओळखाले लागले." थांबले. टॉवेलने उगीच हात पुसले. "बादली हातात असली तं मी कोणापाशीही जाऊन बोलू शकतो. खुर्चीवर बसून काय बोलू? मले बसता येत नाही, बेबी. मले भेव वाटते."

ज्या माणसाला मी इतकी वर्षं घुम्या म्हणत आले, तो घुम्या नव्हता, भित्रा होता, आणि मला कधी दिसलं नाही. त्या घटकेला मला त्यांची माया आली, सांगायला लाज कशाला.

बेबी उठून त्यांच्याजवळ गेली. तिने आधी डोळे पुसले, मग व्यवहाराचं बोलायला लागली, त्यात ती माझ्यावर गेली आहे. म्हणाली की लग्न इथेच करू, विहाराच्या मैदानावर. वस्ती येईल, तुमची सगळी माणसं येतील, शब्द खाली पडणार नाही. पण एक शर्त. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायचं, आणि पहिल्या पंगतीत जेवायचं.

"भाजी?" ह्यांनी विचारलं.

"मुरलीकाका करतील."

"त्याले मीठ नाही समजत."

"तर अळणी खाऊ," बेबी म्हणाली. "बोला, हो की नाही?"

ह्यांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "एक दिवस. भेव वाटलं तरी बसतो."

नागसेनने तिथूनच इंदूताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बरं झालं, मला डोंगरात गाडी लागते.

दुसऱ्या दिवशी रविवार. वंदना झाल्यावर ह्यांच्याऐवजी बेबी उभी राहिली. तिने हात जोडून सांगितलं की लग्न पचमढीला नाही, इथेच होईल, सगळ्यांनी यायचं, आणि त्या दिवशी माझ्या बाबांना जो कोणी भट्टीजवळ उभं करेल त्याच्याशी मी जन्मभर बोलणार नाही. लोक हसले. मला वाटलं, आता साधु म्हणतील आणि एकदाचं गंगेत घोडं न्हाईल. कोणीच म्हणेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी बायकांच्या रांगेतून कलावतीबाई उभी राहिली.

"अच्छा, लग्न इथं कर बाई, आमची ना नाही," ती म्हणाली. "मंग पचमढीचं काय?"

आणि जो गलका झाला! कानटोप्या विणून तयार होत्या. म्हाताऱ्यांनी पोरांकडून नवीन बूट आणवले होते. फॅक्टरीत कोणी कोणी रजा टाकली होती. मुरलीधरभाऊ म्हणाले की बसवाल्याला आता नाही म्हणणं शोभत नाही, तो आपला माणूस आहे. लग्न कुठेही होवो, डेस्टिनेशन हलवता येणार नाही, असा एकूण वस्तीचा निकाल पडला. भाऊरावांनी मग शांतपणे सुचवलं की लग्न आदल्या दिवशी इथे लावू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वधूवरांसकट बस पचमढीला निघू द्या. रिसॉर्ट नाही तर नाही, धर्मशाळेत उतरू. साधु, साधु, साधु. सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं ते मी सांगत नाही, पण शाल कपाटातून त्याच दिवशी बाहेर निघाली.

लग्न डिसेंबरात झालं. मैदानावर ऊन छान पडलं होतं. बेबी पांढऱ्या साडीत, नागसेन पांढऱ्या कुर्त्यात, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी पहिल्या खुर्चीवर आमचे हे, नवीन जाकीट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. शाळेच्या ग्रुप फोटोत पोरं बसतात तसे. त्रिशरण, पंचशील झालं तोवर ठीक होतं, ते सगळ्यांबरोबर म्हणायचं असतं. वधूवरांनी हार घातले, पाकळ्या उधळल्या गेल्या, फोटोवाल्याने बापलेकीला शेजारी उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. बेबी हसत होती आणि ह्यांच्या कपाळावर ऐन थंडीत घाम होता. मागे भट्टीकडून भाजीचा वास आला की ह्यांचं नाक हलायचं. मी डोळे वटारले की पुन्हा समोर बघायचे.

मग पहिली पंगत बसली. एका बाजूला नागसेन आणि बेबी, मधे हे, दुसऱ्या बाजूला मी आणि इंदूताई. ताट समोर आलं तेव्हा ह्यांना हात कुठे ठेवावे हेही कळेना. वर बघू की खाली, बोलू की नको. मला वाटलं, आता उठतात आणि पळतात.

मुरलीधरभाऊ भाजीचा गंज घेऊन पहिले आले. ओगराळं भरून ताटात वाढलं आणि विचारलं, मीठ बघ रे. ह्यांनी चाखलं, म्हणाले, बरोबर आहे. अर्धं ओगराळं अजून पडलं. त्यांच्यामागे कलावतीबाई बुंदी घेऊन आली. ही बाई वाढणाऱ्यांत नव्हतीच, आली कुठून कोणास ठाऊक. तिने मूठभर बुंदी वाढली आणि म्हणाली, भाऊ, माझ्या तिन्ही पोरींच्या लग्नात तुम्ही वाढलं, आज माझ्या हातचं घ्या. तिच्यामागे मुरलीधरभाऊंचा भाऊ, पुऱ्या घेऊन. त्याच्यामागे फॅक्टरीतला एक पोरगा, ज्याच्या नामकरणाला हे वाढायला होते, तो भात घेऊन. मी मागे वळून बघितलं तर रांग लागली होती. भाऊरावांच्या हातात मठ्ठ्याचा तांब्या होता. लोकांनी वाढप्यांच्या हातून भांडी ओढून घेतली होती, आणि जो तो आपापलं वाढायला आमच्या पंगतीकडे येत होता. प्रत्येक जण काहीतरी बोलत होता. आमच्या घरी पाऊस आला होता तेव्हा तुम्ही छत्री धरून वाढलं होतं. माझ्या बापाला गोड चालत नव्हतं, ते तुम्हालाच आठवत होतं. आणि हे मान वर करून एकेकाला उत्तर देत होते, पोरगा काय करून राहिला, आईचे गुडघे कसे आहेत, सून आली काय माहेराहून. बसल्या जागी. हातात काही नसताना.

इकडे ताटाची शीग लागली. भात वरणात, वरण बुंदीत, पुऱ्या ताटाबाहेर. अन्न टाकलेलं ह्यांना अजिबात खपत नाही, पोराटोरांना सुद्धा रागावतात. मी हळूच म्हटलं की अहो, ताटावर हात आडवा करा, पुरे म्हणा, जगातली सगळी माणसं म्हणतात.

हे माझ्याकडे वळले. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं.

"पुरे कोणाले म्हणू, सुमन?" ते म्हणाले.

बेबीने ते ऐकलं. तिने स्वतःचं ताट बाजूला केलं, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि बापाच्या ताटात हात घातला. मग नागसेनने घातला. इंदूताईंनी एकदा इकडेतिकडे बघितलं आणि एक पुरी उचलली. मी बुंदीकडून सुरुवात केली. रांग अजून संपलेली नव्हती, लोक वाढतच होते, आणि आम्ही पाच जण एका ताटात जेवत होतो.